सायकल सडकेवर की सडकेखाली?

माझी नात आठवीत गेली आणि मानव विकास कार्यक्रमातून तिला सायकल मिळाली. शाळा घरापासून तीन किलोमीटर. गावातून निघालं की थेट शाळेपर्यंत डांबरी सडक. सायकल अंगणात उभी राहिली, हळदी-कुंकू झालं, आणि त्याच संध्याकाळी घरात वाद सुरू झाला. मुलगा म्हणाला, "सडकेवरूनच चालव, डावी बाजू धरून." सूनबाई म्हणाल्या, "काही नको, खालून चालव, मुरमातून. वरून ट्रक जातात." आणि नातीची आजी म्हणाली, "त्यापेक्षा पायी जा."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. "आबा, तुम्ही सांगा. कुठून चालवू?"

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. तिला लगेच उत्तर देता येईना, कारण हा प्रश्न आमच्या अंगणातला नाही, चांगला दोनशे वर्षांचा आहे. आज तोच तुमच्यापुढे मांडतो.

जर्मनीतल्या मानहाइम शहरात १८१७ साली कार्ल फॉन ड्राइस नावाच्या माणसानं दोन चाकांचं लाकडी यंत्र बनवलं. त्याला पायडल नव्हतं. बसायचं आणि पायांनी जमीन ढकलत पुढं जायचं. रस्ते घोडागाड्यांच्या चाकांनी उकरलेले. त्या खाचखळग्यांत ही लाकडी गाडी चालेना, म्हणून हौशी लोक ती शेजारच्या फरसबंद पायवाटेवर नेऊ लागले. पायी चालणाऱ्यांनी ओरड केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मानहाइममध्ये पायवाटेवर हे यंत्र चालवायला बंदी झाली. पुढं मिलान, लंडन आणि १८२० मध्ये आपल्या कलकत्त्यातही तेच झालं. म्हणजे सायकलीला पायडल मिळायच्या आधीच तिला फुटपाथवरून हाकललं गेलं होतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. लोक फुटपाथवर गेले ते मस्तीनं नव्हे. रस्ता चालवण्यासारखा नव्हता, म्हणून गेले. दोनशे वर्षांत हे कारण फारसं बदललेलं नाही.

इंग्लंडमध्ये १८३५ साली रस्त्यांचा कायदा झाला. पायी चालणाऱ्यांसाठी राखलेल्या वाटेवर काय न्यायचं नाही, याची त्यात यादी आहे : घोडा, गाढव, मेंढी, खेचर, डुक्कर, गुरंढोरं आणि गाडी. सायकलीचं नाव अर्थातच नाही. मग सायकल ही गाडी आहे की नाही, हा प्रश्न आला. १८७९ मध्ये भरधाव सायकल चालवणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात तिथल्या न्यायालयानं सांगितलं की सायकल ही गाडीच. १८८८ मध्ये पार्लमेंटनं कायद्यातच तसं लिहून टाकलं. गाडी म्हटलं की तिची जागा रस्त्यावर. गाडीचे हक्क तिला मिळाले आणि गाडीची बंधनंही : डावी बाजू, दिवा, घंटी.

१८८८ हे साल मोठं गमतीचं आहे. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आणि त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बंधू रामूअण्णांसह सायकलींचं दुकान काढलं. पुढं ज्या नावानं लोखंडी नांगर आणि पंप घरोघर पोचले, त्या उद्योगाची सुरुवात सायकलीपासून आहे. मराठी माणसाच्या दारात सायकल आली ती ही अशी, कायद्यानं 'गाडी' ठरल्याच्याच वर्षी.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे येऊ. इथं गोष्ट वेगळी होते, कारण आपल्याकडे प्रश्न फुटपाथचा नव्हताच. फुटपाथ होता कुठं?

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. त्यांना इथून हवा होता कापूस. खामगावची कापूस बाजारपेठ तेव्हा देशभर गाजत होती. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंबवरून गेली आणि खामगाव बाजूला राहिलं, म्हणून जलंब ते खामगाव हा सुमारे तेरा किलोमीटरचा खास फाटा काढला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. पण कापूस खामगावपर्यंत यायचा बैलगाडीनंच. काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतायचं. म्हणून गिट्टी दाबून पक्क्या सडका बांधायला सुरुवात झाली.

या सडकेची रचना लक्षात घ्या. मधोमध गिट्टीचा पट्टा. दोन्ही अंगांना मातीची रुंद कड. त्यापलीकडे नाली, आणि नालीच्या काठानं कडुनिंब, बाभूळ, आंबा. लहानपणी मी पाहिलंय, कोरड्या दिवसांत गाडीवान आपणहून गाडी गिट्टीवरून खाली मातीत घेत. बैलांच्या खुरांना गिट्टी टोचायची. पायी चालणारा झाडाच्या सावलीनं जायचा. म्हणजे सडकेवर आणि सडकेखाली असे दोन रस्ते शेजारी शेजारी होते, आणि कुणी कुठून जायचं हे पायाला काय सोसतं त्यावर ठरायचं. त्यात लहानमोठेपणा नव्हता.

सायकल आली तेव्हा ती या दोहोंच्या मध्ये आली. पोस्टमन, मास्तर, दूधवाला, तलाठी यांची सायकल. स्वातंत्र्यानंतर ती देशातच बनू लागली. सोनिपतची अ‍ॅटलस, मद्रासची हर्क्युलिस, लुधियानाची हिरो. अ‍ॅटलसचा शेवटचा मोठा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, पण माझ्या वडिलांची अ‍ॅटलस त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरातली दुसरी लक्ष्मी होती. वडील प्राथमिक शिक्षक. सायकलीच्या दांड्यावर मी, कॅरिअरवर पिशवी. लग्नात सायकल मागायची, परगावी जाताना एसटीच्या टपावर चढवायची, राजूर घाटाच्या पायथ्याशी उतरून ती हातात धरून घाट चढायचा, हे सगळं ओघानं आलंच.

आणि सायकल गाडी आहे, हे सरकारही विसरत नव्हतं. नगरपालिका तिच्यावर कर घ्यायची आणि पितळी बिल्ला द्यायची. वडील दरवर्षी तो बिल्ला हँडलखाली लावून घेत. रात्री दिवा नसला, डबलसीट दिसली की पोलीस अडवायचा. दंडाला पैसे कुणाकडे? मग तो चाकातली हवा सोडून द्यायचा आणि व्हॉल्व्ह ट्यूब खिशात टाकायचा. सहावी-सातवीत असताना तालुक्याच्या गावी मी भाड्यानं तासावर सायकल घेऊन कैची शिकत होतो. सडकेवर मालमोटारींची भीती वाटली म्हणून एका कचेरीसमोरच्या फरशीच्या वाटेवर सायकल घातली. शिपायानं कान धरला. म्हणाला, "ही वाट माणसांची आहे. गाडी आहे ना तुझ्याकडे? मग सडकेवर जा." हवा सोडली ती सोडलीच. सायकल ढकलत दुकानात आणेपर्यंत दुसरा तास लागला आणि भाडं दुप्पट झालं.

तो शिपाई कायद्यानं बरोबर होता, हे मला फार उशिरा कळलं. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, विदर्भ मध्य प्रदेशातून इकडे आल्यावर आपल्यालाही लागू झाला. त्यात कलम १०३ आहे. पायवाटेवर कोणतंही जनावर किंवा वाहन चालवू नये, ढकलू नये, उभं करू नये. सवलत फक्त लहान मुलाच्या बाबागाडीला. म्हणजे १८३५ च्या इंग्रजी कायद्यातली ती गाढव-मेंढीची यादी थोड्या फरकानं आपल्या दारात आली. कायद्याचं उत्तर सरळ आहे. सायकल सडकेवर.

मग सूनबाई चुकतात का? नाही. कारण मधल्या काळात सडक बदलली.

१९२७ मध्ये रस्त्यांच्या विकासासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांसाठी पैसा कुठून आणायचा? समितीनं सुचवलं की पेट्रोलवर जादा कर बसवावा. १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे कर सुरू झाला आणि त्यातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. सूचना शहाणपणाची होती, त्याशिवाय रस्ते झाले नसते. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा ठरला. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्या नागपूर योजनेतली. पण पैसा पेट्रोलचा म्हणताना सडक मनातल्या मनात मोटारीची होत गेली. सायकलवालाही पालिकेला कर देत होता, बैलगाडीवालाही देत होता, याची आठवण हळूहळू पुसली.

गिट्टीवर डांबर आलं. डांबर महाग, म्हणून पट्टा अरुंद. आपल्याकडे एकेरी सडकेची प्रमाण रुंदी पावणेचार मीटर, म्हणजे साधारण सव्वाबारा फूट. आता हिशेब करा. ट्रक किंवा एसटी अडीच मीटर रुंद. ती मधोमध चालली तर दोन्ही बाजूंना उरतात साडेबासष्ट सेंटिमीटर. सायकलीचं हँडलच साठ सेंटिमीटरच्या आसपास. कायद्यानं सडकेवर असलेल्या माझ्या नातीला सडकेनं दिलेली मोकळीक ही अशी दोन-अडीच सेंटिमीटर!

म्हणून एक अलिखित रिवाज पडला. मोठी गाडी आली की सायकलवाल्यानं खाली उतरायचं. वडील तेच करत. मागून कर्णा वाजला की न बघता सायकल मातीत घेत. पण तेव्हा माती आणि गिट्टी एका पातळीत होती. पुढं दर काही वर्षांनी डांबराचा थरावर थर चढत गेला. साइडपट्टी तिथंच राहिली, उलट पावसानं वाहून खोल गेली. आज कितीतरी ठिकाणी डांबराची कड आणि मुरूम यांत वीतभर अंतर असतं. उतरताना सायकल कलंडते. आणि खरा धोका उतरताना नाही, पुन्हा वर चढताना आहे. पुढचं चाक कडेला घासतं, वळत नाही, आणि माणूस सडकेच्या आतल्या बाजूला पडतो. नेमका मागच्या गाडीपुढं.

तेव्हा 'खालून चालव' हा सल्ला मायेचा आहे, पण खालचा रस्ता आता उरलेला नाही. आणि वरचा रस्ता आपला आहे हे सायकलवाल्याला पटत नाही.

जगानं या पेचावर काय केलं? इंग्लंडमध्ये १९३४ साली लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूच्या कडेनं खास सायकलींची वाट बांधली. तुम्हाला वाटेल, सायकलवाले खूश झाले असतील. उलट त्यांच्या संघटनेनं कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं, आज बाजूला वाट देता, उद्या सांगाल की आता सडकेवर येऊ नका. जपाननं १९७० मध्ये अपघातांचा कहर झाल्यावर वेगळी वाट धरली. फलक लावलेल्या फुटपाथवर सायकलींना परवानगी दिली. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट अंगवळणी पडली आणि पायी चालणारे तक्रार करू लागले. तिथं आजही मूळ नियम सडकेचाच आहे, पण १३ वर्षांखालची मुलं आणि सत्तरी गाठलेली माणसं यांना फुटपाथची मुभा आहे. कोलकात्यात २०१३ मध्ये पावणेदोनशेच्या आसपास रस्त्यांवर सायकलींना मनाई झाली. दूधवाले, पेपरवाले, रोजंदारीचे मजूर यांनी मोर्चे काढले.

आणि १९३४ ची ती शंका अगदीच खोटी नव्हती, हे आपल्याच जिल्ह्यात दिसतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो मेहकर, सिंदखेड राजा या भागातून जातो. त्यावर सायकल, मोटारसायकल, पायी माणूस कुणालाच प्रवेश नाही. त्या वेगाच्या सडकेवर तो नसावा, हे मलाही मान्य आहे. पण बाजूच्या जुन्या सडकेची साइडपट्टी नीट करण्याचं कुणाच्या ध्यानात नाही, हे मान्य नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती मला अलीकडे कळू लागली, कारण गुडघे गेले आणि मी सायकल सोडून पायी झालो. बुलढाण्यात संगम चौकाकडून जयस्तंभ चौकाकडे जाताना मी फुटपाथ शोधत शोधत चालतो. कुठं दुकानाची पाटी, कुठं उभी मोटारसायकल. जो तुकडा मोकळा मिळतो, तिथं मागून एखादा पोरगा घंटी वाजवत येतो आणि काळजात धस्स होतं. त्या वेळी मला तो जुना शिपाई आठवतो. वाट माणसांची आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

ते म्हणणं आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचंही आहे. मे २०२५ मध्ये न्यायालयानं सांगितलं की पायी चालणाऱ्याला वापरण्याजोगा फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक. सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक. शेगावला दर्शनाला जाणाऱ्या पायी दिंड्या रात्री सडकेच्या कडेनं चालताना पाहिल्या की हे आकडे अंगावर येतात. पायी माणूस आणि सायकलवाला यांचं भांडण लावून देऊ नका. दोघंही एकाच उरलेल्या कडेसाठी भांडताहेत.

कायद्यात एक दार उघडलेलं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं राज्यांना अधिकार मिळाला की बिनइंजिनाची वाहनं आणि पायी चालणारे यांच्यासाठी नियम करावेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितलं. नियम कागदावर होतील. पण माझ्या नातीच्या तीन किलोमीटरसाठी कागदापेक्षा मुरमाचे काही ट्रक आणि एक रोलर जास्त उपयोगाचा आहे. डांबराचा नवा थर टाकला की त्याच कामात साइडपट्टी भरून दाबून समपातळीत आणायची. खर्चाच्या मानानं ही किरकोळ बाब आहे. ग्रामसभेत मी ती मांडली. ठराव झाला आहे. पाठपुरावा चालू आहे.

तोवर नातीला काय सांगायचं?

रविवारी सकाळी सडक मोकळी असताना आम्ही दोघं निघालो. ती सायकलीवर, मी तिच्या बापाच्या मोटारसायकलीवर मागे बसून, तिच्या मागं मागं. मी तिला सांगितलं ते असं. सायकल ही गाडी आहे, सडक तुझीही आहे, चोरासारखी चालवू नकोस. डावी बाजू धर, पण अगदी कडेवर नको, कडेपासून हातभर आत. म्हणजे मागच्याला तू दिसशील आणि तुला सावरायला जागा राहील. मोठी गाडी आली आणि जागा नाही असं वाटलं, तर चालत्या सायकलीनं खाली उडी घेऊ नकोस. वेग कमी कर, थांब, पाय टेक, खाली उतर. गाडी गेली की सायकल हातानं वर चढव. सायकलीवर बसून कड चढायची नाही, काही झालं तरी. बाजारात आणि शाळेच्या फाटकाशी फुटपाथ असेल तिथं सायकलीवरून उतर, हातात धर. तिथं म्हातारी माणसं चालतात.

"आणि आजी म्हणते पायी जा, ते?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आजीची शाळा चौथीत सुटली. पाचवीची शाळा तीन किलोमीटरवर होती आणि पायी एकटं धाडायला घर तयार नव्हतं. तेव्हा आजीचं सगळं ऐक, एवढं मात्र ऐकू नकोस.

परत आलो तेव्हा आजी दारातच उभी होती. काही बोलली नाही. सोमवारी सकाळी मात्र सायकलीचं मागचं चिखलपान तिनंच ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्यावर लाल चकचकीत कागदाची एक पट्टी चिकटवली. मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)